डेन्मार्कची सात कार्डं

ओमानमधल्या निझवाच्या किल्ल्यापासून चालत दहा मिनिटांवर आमचं हॉटेल आहे. बावीस खोल्या, एक छोटं रेस्टॉरंट आणि समोर चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. गेली एकोणीस वर्षं मी तिथे रिसेप्शनला आहे. वसईहून निघालो तेव्हा दोनच वर्षांसाठी निघालो होतो, पण हे मी आता कोणाला सांगत नाही. इथे आलेला प्रत्येक जण तेच सांगतो.

माझ्या काउंटरवर पोस्टकार्डांचा एक फिरता स्टँड आहे. किल्ला, बकऱ्यांचा बाजार, खजुराच्या बागा आणि उंट. निझवात उंट फारसे दिसत नाहीत, पण कार्डं उंटाचीच जास्त खपतात. गिऱ्हाइकाने कार्ड निवडलं की पुढचा प्रश्न ठरलेला, याला तिकीट कितीचं लागेल? पूर्वी मी त्यांना पोस्टाचा रस्ता दाखवायचो. ते उन्हात चालत जायचे आणि पोस्ट बंद बघून परत यायचे. मग आमच्या अर्बाबने, म्हणजे हॉटेलच्या ओमानी मालकाने, मला सांगितलं की तिकिटं आणून ठेव, लोकांची कार्डं घे आणि तूच टाकत जा. असं एक काम माझ्या कामांत शिरलं. पगारात काही शिरलं नाही.

कार्डापेक्षा तिकीट महाग, हे कळलं की माणसं बोलायला लागतात. काउंटरवर उभं राहून मी जगभरच्या टपालाचे दर ऐकले आहेत. एक इंग्रज जोडपं दर दोन-तीन वर्षांनी यायचं. तिकडे तिकीट वाढलं की त्यांच्या नाताळच्या कार्डांची यादी कमी होते, असं ते सांगायचे. आधी लांबचे नातेवाईक गेले, मग जुने शेजारी. एक जपानी बाई म्हणाल्या होत्या की त्यांच्याकडून कार्ड जगात कुठेही पाठवा, दर एकच, त्यामुळे विचार करावा लागत नाही. मग सगळे मला विचारायचे की भारतात किती? मी सांगायचो, देशातल्या देशात पन्नास पैसे. त्यांना खरं वाटायचं नाही. मोबाइलवर ते त्याचं आपल्या पैशात रूपांतर करून बघायचे आणि आकडा शून्याच्या पुढे सरकायचाच नाही. मग खूश व्हायचे. तिथेही आता ते पन्नास पैशांचं कार्ड फारसं कोणी लिहीत नाही, हे मी सांगत बसायचो नाही. एकच गोष्ट एकोणीस वर्षं सांगायची म्हटलं की माणूस तिची शेपटी कापतो.

गेल्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या एक बाई आल्या. एकट्याच होत्या. सत्तरीच्या पुढच्या, उंच, पायात जाड बूट. निवृत्त शिक्षिका. चार दिवस राहिल्या आणि शेवटच्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर त्यांनी स्टँडवरून सात कार्डं काढली. सातही वेगवेगळी. तिकिटाचा दर मी सांगितला, तर त्या हसल्या. म्हणाल्या, स्वस्त आहे. हे वाक्य मी त्या काउंटरवर पहिल्यांदा ऐकलं.

त्यांच्याकडे एका साध्या पत्राच्या तिकिटात बेकरीत बसून कॉफी आणि पाव होतो, असं त्यांनी सांगितलं. तिकीट महाग म्हणून लोक पत्रं लिहीत नाहीत, आणि लोक लिहीत नाहीत म्हणून तिकीट आणखी महाग होतं. आणि आता तर नवीन वर्षापासून सरकारी टपाल पत्रं वाटणंच बंद करणार होतं. लाल पेट्या रस्त्यांवरून काढून नेत होते. पुढे एक खाजगी कंपनी पत्रं वाटणार होती, पण त्यांच्या बेटावरच्या गावात पत्रं घेऊन येणारा माणूस मात्र डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी घरी बसणार होता. एकतीस वर्षं तोच येत होता. आता त्याच्या पिशवीत काही उरलेलंच नाही, कारण सरकारी कागदसुद्धा मोबाइलवर येतात.

म्हणून त्या सात कार्डं पाठवत होत्या. सहा गावातल्या सहा घरांना. डिसेंबरात त्याला दारोदार न्यायला काहीतरी असावं, एवढ्यासाठी. आणि सातवं त्या पोस्टमनलाच. पत्ता त्यांनी स्वतःच्या घराचा घातला होता आणि वर नाव त्याचं. पत्रं लावताना ते त्याच्याच हातात येईल आणि तो वाचेल.

"एकतीस वर्षं त्याने आम्हाला आणून दिलं," बाई म्हणाल्या. "त्याला स्वतःला काही आलेलं मी कधी पाहिलं नाही."

मी त्यांच्यासमोरच सातही कार्डांवर तिकिटं चिकटवली. किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीन आठवडे. म्हणजे वेळेत पोहोचतील, त्या म्हणाल्या. मी इन्शाल्ला म्हटलं. इथे राहून ते तोंडात बसलंय. त्यांची टॅक्सी आली, मी बॅग उचलून गाडीत ठेवली, परत आलो आणि कार्डांना रबरबँड लावून ती खालच्या खणात मागच्या वर्षीच्या बुकिंग रजिस्टरवर ठेवली. ड्युटी संपल्यावर जाताना टाकायची होती.

दुपारी वसईहून धाकट्या भावाचा फोन आला. आमचे वडील घरामागच्या वाडीत केळींना पाणी सोडायला गेले आणि घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं.

मला जाता येत नव्हतं. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च हा सीझन, आणि दुसरा रिसेप्शनिस्ट लग्नासाठी केरळला गेला होता. अर्बाब वाईट माणूस नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि दोन आठवड्यांनी बघू म्हणाला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच म्हणाला. मी सकाळी सहाला उभा राहायचो आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी उभाच असायचो. बायको आणि मुलगी मस्कतला बौशरमध्ये राहतात, तिथेही महिनाभर जाणं झालं नाही.

वडिलांना आठ वर्षांपासून ऐकू येत नाही. मशीन लावून बघितलं, त्यांना त्याचा त्रास व्हायचा. व्हिडिओ कॉल लावला की त्यांना माझं हलणारं तोंड दिसतं. मग सवयीने ते फोन कानाला लावतात आणि मला फक्त त्यांचा कान दिसतो. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमधून आलेल्या कॉलवर मी पाच मिनिटं त्यांचा कान बघत बसलो. कानावरचे केस वाढले होते. भाऊ फोन काढून घ्यायला लागला तर ते देईनात.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवरून एक कार्ड काढलं. मोठ्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या. औषधं वेळेवर घ्या, चालायची घाई करू नका, मी मे-जूनमध्ये येतो. पुढच्या बाजूला उंट. ड्युटी संपल्यावर पोस्टात जाऊन टाकलं. तीन दिवसांनी आणखी एक टाकलं, मग आणखी एक. नोव्हेंबर-डिसेंबरात मी त्यांना नऊ कार्डं पाठवली, म्हणजे नऊ वेळा पोस्टात गेलो. भावाने फोटो पाठवला. वडिलांनी पलंगाजवळच्या खिडकीत ती ओळीने उभी केली होती, चित्रं खोलीकडे आणि मजकूर बाहेरच्या बाजूला.

त्यांनी उत्तरही लिहिलं. आपल्याकडचं साधं पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर माझा निझवाचा पत्ता. कार्ड ते कार्ड, असा त्यांचा हिशोब. भावाने डोळे झाकून पेटीत टाकलं आणि आठवड्याने ते घरी परत आलं. परदेशाला एवढं तिकीट चालत नाही. वडील कोणावर तरी रागावले होते, पण कोणावर ते भावाला कळलं नाही. शेवटी त्याने कार्डाचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्या आठवड्यात मी बौशरला गेलो तेव्हा मुलीला तो वाचायला दिला. ती दहावीत आहे, इंग्रजी शाळेत. आजोबांचं अक्षर तिला लागेना. एकेका शब्दावर बोट ठेवून ती विचारत होती, हा ळ आहे का? वडिलांनी लिहिलं होतं की माझं बरं आहे, तुझं अक्षर बिघडलंय.

जानेवारीत हॉटेलात नवीन कॉम्प्युटर आला आणि बुकिंगची रजिस्टरं बंद झाली. जुनी नोंद बघायला खालचा खण उघडायचं कारणच संपलं.

फेब्रुवारीत एका पाहुण्याने खोलीची चावी हरवली. जादा चावी शोधायला मी तो खण उघडला. रजिस्टरवर रबरबँड लावलेली सात कार्डं होती. सगळ्यात वर बकऱ्यांचा बाजार.

ती कसली आहेत हे मला लगेच कळलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. आता हेही निस्तरायचं, एवढंच वाटलं. पाहुणा समोर उभा होता. त्याला चावी दिली, सही घेतली आणि मग खुर्चीवर बसलो. आमच्याकडे रिसेप्शनिस्टने खुर्चीवर बसायची पद्धत नाही.

नऊ वेळा मी पोस्टात गेलो होतो. नऊ वेळा हाच खण माझ्या गुडघ्याशी होता.

दोन दिवस कार्डं खणातच राहिली. मनात येत होतं की गुपचूप पोस्टाच्या पेटीत टाकावीत. पत्रं उशिरा जातात हे सगळ्या जगाला माहीत आहे, दोष टपालावर जाईल आणि मला कोणी विचारणार नाही. पण शिक्का आजच्या तारखेचा पडणार होता, आणि त्या बाई शिक्षिका होत्या, शिक्का वाचल्याशिवाय राहणार नव्हत्या. मी खरं सांगायचं ठरवलं ते चांगुलपणातून की पकडलं जाण्याच्या भीतीतून, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. खिडकीवरची ओमानी बाई मला ओळखते. डेन्मार्कला कार्डं जातात का आता, मी विचारलं. तिला तो प्रश्न विचित्र वाटला. तिने आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि जातात म्हणाली. मग सातही कार्डांवर तिने शिक्के मारले. मी तिथेच उभा राहून शेवटचा शिक्का पडेपर्यंत पाहिलं. हॉटेलवर परत येऊन बुकिंगमधून त्या बाईंचा ईमेल पत्ता काढला आणि लिहिलं. कार्डं माझ्याकडून राहून गेली, आज टाकली, चूक माझी आहे, टपालाची नाही. वडिलांचं लिहिलं होतं, ते पुसून टाकलं. ती सबब झाली असती.

चार दिवसांनी उत्तर आलं. मी ते काउंटरवरच उघडलं, आणि नंतर वाटलं की तिथे उघडायला नको होतं.

त्यांनी लिहिलं होतं की त्या डिसेंबरभर वाट बघत होत्या. नाताळ झाल्यावर त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी पोस्टमनला सांगून टाकलं की ओमानहून कार्डं यायची आहेत, सात आहेत. तो दोन दिवस त्यांच्या मोठ्या टपाल केंद्रात जाऊन शोधत राहिला. पेट्या हलवल्या, चुकून दुसऱ्या बेटाला गेली का ते पाहिलं. शेवटच्या दिवशी तो त्यांच्या दाराशी आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. कार्डं सापडली नाहीत म्हणून त्याने माफी मागितली. त्यांनी त्याला आत बसवून कॉफी दिली. त्याने ती पूर्ण प्यायली नाही.

"तुम्ही खरं लिहिलंत याबद्दल आभार," शेवटी होतं. "आता मला त्याला जाऊन सांगावं लागेल."

ते उत्तर मी पुन्हा वाचलं नाही, वाचायची गरजही नव्हती. त्या आठवड्यात कोणी कार्ड घेतलं की मी तिकीट लावून लगेच खिशात घालायचो. खिसा फुगायचा. रेस्टॉरंटमधला स्वयंपाकी विचारायचा, काय भरलंय एवढं?

मार्चमध्ये त्यांचा आणखी एक ईमेल आला. कार्डं पोहोचली होती. व्हॅनमधून एक अनोळखी तरुण आला आणि पेटीत टाकून गेला, वर मान करून बघितलंही नाही. सातव्या कार्डावर नाव दुसऱ्याचं आणि पत्ता त्यांचा, हे त्याच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. ते कार्ड घेऊन त्या बसने पोस्टमनच्या घरी गेल्या. तो अंगणात काहीतरी रंगवत होता. त्याने मजकूर नंतर वाचला. आधी तिकीट पाहिलं, मग शिक्का पाहिला, आणि विचारलं की याला किती पडले. त्यांनी आकडा सांगितला. एवढ्या पैशात एवढ्या लांब, असं म्हणून तो बराच वेळ कार्ड उलटसुलट करत राहिला.

मी उत्तरात आभार मानले.

जूनमध्ये एकदाची रजा मिळाली. वडील वॉकर सोडून काठीवर आले होते. घरात त्यांच्यासाठी एक वही असते, त्यात लिहून दाखवायचं आणि ते तोंडाने उत्तर देतात. एका सकाळी ओट्यावर बसून मी त्यांना ही सगळी हकिगत लिहून दाखवली. का सांगितली ते माहीत नाही. बायकोलाही मी ती अर्धवटच सांगितली होती. तीन पानं झाली. वडिलांनी चष्मा लावून सावकाश वाचली. माझी कार्डं लिहिताना दुसऱ्याची राहिली, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, ते बोट कुठे थांबतंय यावरून मला कळलं.

"माफी मागितलीस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली आणि वहीत लिहिलं की हो, बाईंची.

"तिची नाही. त्याची," वडील म्हणाले. "शोधत तो फिरला."

एवढं बोलून ते उठले आणि काठी टेकत केळींकडे गेले.

मी त्यावर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी वसईच्या पोस्टात गेलो. चित्राचं कार्ड कुठे मिळालं नाही, वसईचं चित्र विकत घ्यायला कोण येतं? साधं पोस्टकार्ड घेतलं आणि खिडकीवर विचारलं की डेन्मार्कला किती लागतील. एकोणीस वर्षं हा प्रश्न मी ऐकत होतो, विचारला पहिल्यांदाच. खिडकीवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर दर शोधला, शेजारच्याला विचारलं, पुन्हा शोधला. रांगेतला माणूस मागून माझ्याकडे बघत होता. दर सापडला, पण तेवढ्या किमतीचं एक तिकीट तिच्याकडे नव्हतं. तिने छोट्या किमतीची बरीच तिकिटं फाडून दिली. ती लावल्यावर कार्डावर लिहायला जेमतेम चार बोटं जागा राहिली.

बाकावर बसून मी इंग्रजीत लिहिलं. कार्डं हरवली नव्हती, ती माझ्याकडे होती. तुम्ही दोन दिवस शोधलंत. मला माफ करा. खाली नाव लिहायला जागा उरली नाही, म्हणून ते पत्त्याच्या कडेला उभं लिहिलं. पत्ता बाईंच्या घराचा आणि वर नाव त्याचं, सातव्या कार्डावर होतं तसंच; फेब्रुवारीत टाकण्याआधी मी त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्याच्या स्वतःच्या घराचा पत्ता मला माहीत नव्हता.

रजा संपवून जुलैत निझवाला परतलो. उन्हाळ्यात इथे पाहुणे नसतात. स्टँडवरच्या कार्डांचे रंग उन्हाने उडाले होते. अर्बाब म्हणाला की हे काढून इथे कॉफीचं मशीन ठेवू या, आता कोण लिहितं? मी हो म्हटलं. वाद घालण्याएवढी ताकद त्या उन्हात कोणात असते? पण मशीन काही आलं नाही आणि स्टँड तसाच राहिला.

ऑगस्टमध्ये बाईंचा ईमेल आला. कार्ड मिळालं होतं आणि पुन्हा बसने जाऊन त्यांनी ते पोहोचवलं होतं. माफीबद्दल पोस्टमन काही बोलला नाही. तो बोलणारा माणूसच नाही, त्यांनी लिहिलं होतं. त्याने तिकिटं मोजली, वसईच्या शिक्क्यावरची तारीख भिंगातून वाचली आणि कार्ड बाईंच्या पेटीत कधी पडलं ते विचारून घेतलं. मग एक निरोप दिला. तो मला जसाच्या तसा कळवायला सांगितला होता.

"त्यांना सांगा, एकोणीस दिवस लागले. वाईट नाही."